आवणीच्या दिवसांत कोचच्या बदल्या

पुण्याकडे निघालेली लांब पल्ल्याची गाडी कर्जतला थांबते. प्रवासी दारातूनच वडापाव घेतात, आणि तेवढ्या वेळात शेवटच्या डब्यामागे निमूट इंजिनं येऊन लागतात. हे बँकर. पुढे बोरघाट आहे, चढ ३७ला १. गाडीच्या पाटीवर बँकरचं नाव नसतं, तिकिटावर तर नसतंच. घाट संपला की ते सुटतात आणि परत खाली कर्जतला येतात, पुढच्या गाडीसाठी.

फुटबॉलचा कोच मला कायम या बँकरसारखा दिसतो. तो मैदानात उतरत नाही, गोल त्याच्या नावावर लागत नाही, पण रेटा त्याचा असतो. आणि एक घाट चढवून दिला की बहुतेकदा त्याला सोडतात.

हे सोडायचे-जोडायचे दिवसही आपल्या ओळखीचे आहेत. कर्जत-खालापूरच्या शिवारात गुडघाभर चिखलात आवणी चालू असते, शिक्षक-तलाठ्यांच्या बदल्यांची यादी लागलेली असते, त्याच जून-जुलैत युरोपातले क्लब नवे कोच आणतात. आपल्याकडे इंडियन सुपर लीग बहुतेक वर्षी सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या दरम्यान सुरू होत आली, त्यामुळे नवा कोच पाऊस ओसरता ओसरता येऊन पोचतो. आपला तालुका कबड्डीचा आणि टेनिस बॉल क्रिकेटचा, हे खरंच. पण एका बाजूला मुंबई, घाटावर पुणे आणि कोकण रेल्वेच्या वाटेवर गोवा, अशा तीन फुटबॉलच्या ठिकाणांच्या मधे आपण बसलो आहोत. या तिघांच्या कोचबदलाचे किस्से वडापावसारखे, गरम असतानाच खावेत असे.

मॅनेजर की कोच?

इंग्लंडात त्याला मॅनेजर म्हणतात, कारण जुन्या पद्धतीत संघ निवडणं, खेळाडू विकत घेणं, सराव घेणं, सगळं त्याच्याच गळ्यात असे. आपल्याकडे मॅनेजर म्हटलं की बँकेतला किंवा खोपोलीच्या कारखान्यातला साहेब डोळ्यांसमोर येतो. आपले क्लब ‘हेड कोच’ म्हणतात आणि खेळाडू-खरेदी बरीचशी वेगळ्या माणसाकडे ठेवतात. म्हणून इथे कोचच म्हणू.

मालक येण्याआधीच नातं

मुंबई सिटी एफसी २०१४ साली सुरू झाला. पहिला कोच पीटर रीड. १९८६च्या विश्वचषकात माराडोनाने अर्ध्या मैदानातून धावत जो गोल केला, त्यात त्याने मागे टाकलेल्या इंग्लिश खेळाडूंपैकी एक हाच रीड. मुंबई त्या वर्षी आठ संघांत सातवी आली आणि रीड गेला. दुसऱ्या हंगामाआधी क्लबने संघातल्याच निकोला आनेल्काला खेळाडू आणि कोच अशा दोन्ही खुर्च्या दिल्या.

आता गंमत बघा. रीड पूर्वी मँचेस्टर सिटीचा खेळाडू-मॅनेजर होता आणि आनेल्काही मँचेस्टर सिटीकडून खेळलेला. मँचेस्टर सिटीची मालकी असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटीचा ६५ टक्के हिस्सा घेतला तो २०१९च्या नोव्हेंबरात. म्हणजे मालक यायच्या चार-पाच वर्षं आधीच त्या घरची दोन माणसं इथे येऊन गेली होती!

आनेल्काच्या त्या हंगामात सुनील छेत्री लिलावात १ कोटी २० लाखांना मुंबईकडे आला होता. तरीही नोव्हेंबर २०१५ मध्ये एफसी गोवाने मुंबईला ७-० हरवलं. समोरच्या बाकावर कोच होता ब्राझीलचा झिको. मोठा खेळाडू आपोआप मोठा कोच होत नाही, असं या सामन्यानंतर सगळे म्हणाले. पण झिकोही मोठाच खेळाडू होता की. माझं मत एवढंच, की एकाच माणसाने खेळायचं आणि बाहेरून बघायचंही, हे काम त्या दर्जाच्या लीगमध्ये जवळपास अशक्य आहे.

बापलेक, आडनावं वेगळी

तिसरा कोच आलेक्सांद्रे गिमाराएस. जन्म ब्राझीलचा, फुटबॉल कोस्टा रिकाचं. १९९०चा विश्वचषक तो खेळला, २००२ आणि २००६ला त्याच देशाचा कोच म्हणून गेला. मुंबईत आल्या आल्या २०१६ला त्याने संघाला साखळीत पहिला नंबर मिळवून दिला. दिएगो फोर्लान तेव्हा मुंबईकडून खेळत होता. उपांत्य फेरीत मात्र कोलकात्याने अडवलं. गिमाराएसचा मुलगा सेल्सो बोर्जेस कोस्टा रिकाकडून २०१४, २०१८ आणि २०२२ असे तीन विश्वचषक खेळला. आडनाव वेगळं असल्यामुळे हे बापलेक आहेत, हे भल्याभल्या फुटबॉलवेड्यांना ठाऊक नसतं.

मग आला जोर्जे कोस्ता, २००४ला पोर्तोचा कर्णधार म्हणून चॅम्पियन्स लीगचा करंडक उचललेला माणूस. दोन हंगाम मुंबईत राहिला. ५ ऑगस्ट २०२५ रोजी त्याचं निधन झालं. अवघ्या ५३ वर्षांचा होता. मुंबईच्या जुन्या प्रेक्षकांना तो अजून आठवतो, मलाही.

साखळीत अव्वल, तरी नारळ

आता आपल्या भागातला सर्वांत मोठा कोचबदल. हा किस्सा कितीदाही सांगितला तरी मला पुरत नाही.

३१ जानेवारी २०२०. एफसी गोवा गुणतक्त्यात पहिला. साखळीतले फक्त तीन सामने बाकी. आणि क्लबने कोच सर्जिओ लोबेराला काढलं. तीन सामने राहिले असताना पहिल्या नंबरच्या संघाचा कोच! क्लिफर्ड मिरांडा या गोव्याच्याच माजी खेळाडूकडे सूत्रं आली. त्याने तिन्ही सामने जिंकले. हैदराबादला ४-१, मुंबई सिटीला ५-२, जमशेदपूरला ५-०. गोव्याने साखळीविजेत्याची शील्ड घेतली आणि एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत जाणारा पहिला भारतीय क्लब ठरला. उपांत्य फेरीत चेन्नईने मात्र दोन सामन्यांत मिळून ६-५ असं हरवलं.

इथपर्यंत वाटतं, गोव्याचं बरोबर होतं. पण त्याच वर्षी, २०२०-२१च्या हंगामाआधी, मुंबई सिटीने लोबेराला आपल्याकडे घेतलं. आणि तो एकटा आला नाही. लग्नाला वऱ्हाड यावं तसे गोव्याचे खेळाडू त्याच्यामागे आले: बचावातला मुर्तदा फॉल, मधल्या फळीतला आहमद जाहू, पुढचा ह्युगो बूमू आणि आपला मंदार राव देसाई. मंदार मूळचा कडेने पुढे धावणारा खेळाडू. त्याला डाव्या बचावात उतरवून लोबेरानेच त्याचा खेळ बदलून टाकला होता.

तो करोनाचा हंगाम. सगळे सामने गोव्यातच, रिकाम्या मैदानांवर. म्हणजे ज्या गावाने काढलं त्याच गावात राहून लोबेराला मुंबईसाठी खेळवायचं होतं. साखळीच्या शेवटच्या सामन्यात मुंबईने एटीके मोहन बागानला २-० हरवलं, दोघांचे गुण ४०-४० झाले आणि आपसातल्या निकालावर शील्ड मुंबईची. उपांत्य फेरीत समोर कोण? एफसी गोवा! पहिला सामना २-२, दुसरा ०-०, आणि पेनल्टीत मुंबई ६-५. पुढे १३ मार्च २०२१ला मडगावच्या फातोर्ड्यावर अंतिम सामना, पुन्हा मोहन बागान. नव्वदाव्या मिनिटाला बिपिन सिंगने गोल केला, मुंबई २-१. एकाच हंगामात शील्ड आणि करंडक दोन्ही घेणारा इंडियन सुपर लीगचा तो पहिला संघ.

त्या सामन्यात मुंबईचा पहिला गोल मुंबईच्या कोणी केलाच नव्हता. मोहन बागानच्या तिरीने चुकून आपल्याच जाळ्यात चेंडू घातला होता. हाच तिरी २०२३ला मुंबई सिटीत आला आणि २०२४ला मुंबईकडून करंडक जिंकला.

पुढे लोबेरा ओडिशाला गेला. फॉल आणि जाहू तिथेही पोचले. गोवा, मुंबई, ओडिशा: तीन क्लब, तीन रंगांचे शर्ट, कोच तोच. कोच बदलतो तेव्हा क्लब एक माणूस बदलत नाही, त्याच्यामागचं अर्धं गाव बदलतो. बदलीच्या बातम्यांत हे कधी छापून येत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

सहा आठवडे आधी

इतकं जिंकूनही लोबेरा मुंबईत दुसऱ्या हंगामाला थांबला नाही. ८ ऑक्टोबर २०२१ला मुंबईने देस बकिंगहॅमची नेमणूक केली. हंगाम सुरू व्हायला उरले होते फक्त सहा आठवडे. आवणी उशिरा झाली की पीक कसं येईल याची धाकधूक असते, तसंच सगळ्यांना वाटलं. पहिलाच सामना गोव्याशी. मुंबई ३-०. त्यातले दोन गोल इगोर अंगुलोचे. हा अंगुलो आदल्या हंगामात गोव्याकडून खेळला होता आणि त्या लीगचा गोल्डन बूट त्याच्याच नावावर होता.

११ एप्रिल २०२२ला बकिंगहॅमच्या संघाने इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ हरवलं. एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबने जिंकलेला हा पहिला सामना. २०२२-२३ला साखळीत सलग १८ सामने हार नाही आणि शील्ड पुन्हा मुंबईची.

आणि मग २०२३च्या नोव्हेंबरात, हंगाम ऐन भरात असताना, तो इंग्लंडला गेला. गाव हाक मारत होतं. ऑक्सफर्ड युनायटेड हा त्याच्या घरचा क्लब, त्याने तिथूनच सुरुवात केलेली. मुंबईने पेत्र क्रात्कीला आणलं. बकिंगहॅम आणि क्रात्की दोघंही आले मेलबर्न सिटीतून, तोही तेव्हा त्याच मालकांचा क्लब. एकाच शेडची दोन इंजिनं म्हणा.

आता तारखा बघा. ४ मे २०२४: कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर मोहन बागानने आधी गोल केला, तरी क्रात्कीच्या मुंबईने ३-१ असा अंतिम सामना जिंकला. १८ मे २०२४: लंडनच्या वेम्बलीवर बकिंगहॅमच्या ऑक्सफर्डने बोल्टनला २-० हरवून वरच्या विभागात उडी मारली. सोडलेला संघ आणि धरलेला संघ, दोन्ही पंधरा दिवसांच्या आत जिंकले! कोच बदलून दोन्हीकडे इतकं छान झाल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही. डिसेंबर २०२४ला ऑक्सफर्डने त्याला काढलं, पण तो मे महिना कोणी हिरावून घेऊ शकत नाही.

कोलकात्याच्या त्या सामन्यातही बिपिन सिंगचा गोल होताच. २०२१ आणि २०२४, दोन अंतिम सामने, दोन वेगळे कोच, बिपिन तोच.

घाटावर दरवर्षी नवं माणूस

बालेवाडीवर खेळणाऱ्या एफसी पुणे सिटीचं मात्र वाईट वाटतं. २०१४ला इटलीचा फ्रांको कोलोंबा, २०१५ला इंग्लंडचा डेव्हिड प्लॅट, २०१६ला कोलकात्याला पहिला करंडक मिळवून दिलेला अंतोनिओ हाबास, २०१७ला हंगाम तोंडावर असताना रांको पोपोविच, २०१८ला मिगेल आंखेल पोर्तुगाल आणि त्याच हंगामाच्या मध्यावर फिल ब्राउन. पाच हंगाम, सहा कोच. २०१९ला क्लबच उठला आणि त्याची जागा हैदराबादने घेतली. दरवर्षी बियाणं बदललं तर शेताचा अंदाज कधी येणार?

त्याआधीचा पुणे एफसी जास्त सुखी होता. २००९पासून चार हंगाम डेरिक परेरा हा गोव्याचा माणूस कोच होता आणि २०१२-१३ला संघ आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या राष्ट्रीय लीगमध्ये, दुसरा आला. याच डेरिकने २००५-०६ला मुंबईच्या महिंद्र युनायटेडला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं होतं. त्या संघाचे पुरेसे गोडवे अजून कोणी गायलेले नाहीत.

तेरा वर्षं एकच माणूस

बदल्यांच्या या गर्दीत आर्मांदो कुलासो हे नाव डोंगरासारखं उभं आहे. २००० ते २०१३, गोव्याच्या धेंपो क्लबचे कोच. राष्ट्रीय लीगची पाच विजेतेपदं: २००४-०५, २००६-०७, २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२. पाचही एकाच माणसाच्या हाताखाली, बहुतेक गोव्याच्याच पोरांना घेऊन. २०१३ला ते क्लबमधून बाहेर पडले. पुढच्या दोन हंगामांत दोन परदेशी कोच आले आणि २०१४-१५ला धेंपो खालच्या विभागात घसरला.

जगातले चटके

इंग्लंडात २००७ला टॉर्की युनायटेडने लिरॉय रोझेनियरला नेमलं आणि क्लब विकला गेल्यामुळे, तो स्वतः सांगतो त्याप्रमाणे, दहा मिनिटांत त्याची नोकरी गेली. पत्रकार परिषद त्याहून लांबली असेल.

ब्रायन क्लफ १९७४ला लीड्समध्ये ४४ दिवस टिकला. पुढे नॉटिंगहॅम फॉरेस्टला त्याने लागोपाठ दोनदा युरोपचं विजेतेपद दिलं.

मार्सेलो बिएल्साने २०१६च्या जुलैत इटलीच्या लात्सिओची नेमणूक दोन दिवसांत सोडली. कबूल केलेले खेळाडू घेतले नाहीत, ही त्याची तक्रार.

हुलेन लोपेतेगी स्पेनचा कोच होता. २०१८च्या विश्वचषकातला स्पेनचा पहिला सामना दोन दिवसांवर असताना त्याला काढलं, कारण रेआल माद्रिदने तोच आपला पुढचा कोच असल्याचं जाहीर केलं. रेआलनेही त्याच ऑक्टोबरात त्याला निरोप दिला.

एरिक टेन हाग जर्मनीच्या लेव्हरकुसेनमध्ये २०२५च्या हंगामात लीगचे दोनच सामने टिकला.

मुंबईने सोडलं, मिझोरमने उचललं

आणि आता तो किस्सा, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो.

मुंबई सिटीच्या आधी मुंबईत मुंबई एफसी नावाचा क्लब होता, कुपरेजवर खेळणारा. पैसा बेताचा. २००९ला त्याची सूत्रं खालिद जमीलने घेतली. खालिद महिंद्र युनायटेड, एअर इंडिया आणि मुंबई एफसीकडून खेळलेला, मुंबईच्या मैदानांवर घडलेला माणूस. सात वर्षं त्याने दरसाल त्या संघाला आय-लीगमध्ये तगवून धरलं. विजेतेपद नाही, पण घसरणही नाही. २०१६च्या हंगामानंतर क्लबने नवा कोच आणायचं ठरवलं.

खालिद गेला मिझोरमच्या ऐझॉल एफसीत. ऐझॉल आदल्या वर्षी खालच्या विभागात ढकलला गेला होता. गोव्याच्या तीन क्लबांनी लीगमधून अंग काढून घेतलं, म्हणून त्याला पुन्हा जागा मिळाली. अशा संघाला घेऊन ३० एप्रिल २०१७ला खालिद शिलाँगला उतरला. एका बरोबरीची गरज होती. सामना १-१ सुटला आणि ऐझॉल आय-लीगचा विजेता झाला. ईशान्य भारतातला पहिला राष्ट्रीय लीगविजेता! त्याच गुणतक्त्यात सगळ्यात खाली कोण होतं? मुंबई एफसी. त्या हंगामात त्यांनी मध्येच आणखी एकदा कोच बदलला होता. क्लब घसरला आणि मग बंदच झाला.

खालिद पुढे ईस्ट बंगालचा कोच झाला, काही महिन्यांनी त्यांच्या कट्टर प्रतिस्पर्ध्याचा, मोहन बागानचाही. मग नॉर्थईस्ट युनायटेड, मग जमशेदपूर. आणि १ ऑगस्ट २०२५ला भारताच्या राष्ट्रीय संघाचा मुख्य कोच. सावियो मेदेरा यांच्यानंतर तब्बल तेरा वर्षांनी या खुर्चीवर भारतीय माणूस बसला. त्याच्याआधी मानोलो मार्केझ एकाच वेळी भारत आणि एफसी गोवा, दोन्ही संघ सांभाळत होता. गोव्याला त्याने सुपर कप जिंकून दिला, भारताला त्याच्या हाताखाली आठ सामन्यांत एकच विजय मिळाला.

खालिदचा पहिला सामना काफा नेशन्स कप स्पर्धेत, २९ ऑगस्टला ताजिकिस्तानशी, त्यांच्याच देशात. भारत २-१. त्याच स्पर्धेत ८ सप्टेंबरला ओमानला पेनल्टीत हरवून भारत तिसरा आला. दहा-बारा वर्षांपूर्वी कुपरेजच्या कडेला उभा राहून ओरडणारा माणूस होता तो. मुंबईच्या क्लबला तो पुरेसा वाटला नाही.

आपल्या भागातल्या पोरांना मी हा किस्सा मुद्दाम सांगतो. खेळाडू होण्याचं वय निघून गेलं तरी फुटबॉलमध्ये रस्ता संपत नाही. कोचचं लायसन्स पायरीपायरीने मिळवता येतं, आणि त्याला अठराव्या वर्षी भरधाव धावता यायलाच पाहिजे असं काही नाही. चिखलात अनवाणी चेंडू मारणाऱ्या पोरांकडे बघून कोणी कुठे उभं राहावं हे ज्याला सुचतं, तो त्या रस्त्यावर आधीच आहे.

मुंबई सिटीचा सामना अंधेरीच्या मैदानावर असेल तेव्हा एकदा जाऊन या. खोपोलीहून किंवा कर्जतहून लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रोने आझाद नगर. मैदान स्टेशनजवळच आहे. परतीच्या लोकलची वेळ आधी बघून ठेवा, आणि तिकीट काढताना कोचचा बाक ज्या बाजूला असेल त्या बाजूचं मागा.